डोकेदुखीचा इतिहास आणि कामगाराचे कपाळ



कामगार चळवळीत आयुष्याची तीस वर्षे घालवलेल्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानमालेत डोकेदुखीवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. विषय वैद्य-डॉक्टरांचा, आणि आमचे शिक्षण तर शाळेपेक्षा वाचनालयात व कारखान्याच्या फाटकावर अधिक झालेले. तेव्हा कोणाला औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा विचारही नाही. आम्हाला सांगायचा आहे तो इतिहास. अर्धशिशी आणि चेहऱ्याच्या नसेची तिडीक या दोन दुखण्यांबद्दल जगाला जे ज्ञान झाले, त्यातला बराच मोठा भाग कारखान्यातल्या कामगारांच्या देहावरून मिळालेला आहे. हे ऋण ग्रंथांत कोपऱ्यात नोंदलेले असते. ते आज आपल्यापुढे मधोमध ठेवावे, एवढाच आमचा हेतू.

हा विषय आम्हाला सुचला त्याचे कारण रोजचेच आहे. यंत्रात बोट गेले तर त्याची किंमत कायद्याने ठरलेली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कोणते बोट गेले म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा तक्ताच दिला. परंतु ज्याचे अर्धे डोके पहाटेपासून घणाचे घाव बसावेत तसे ठणकते आहे, ज्याला उजेड सोसत नाही, अन्नाचा वास आला तरी ओकारी येते, त्याच्या दुखण्याला तक्ता नाही, जखम नाही, रक्त नाही. हजेरीपटावर फक्त खाडा दिसतो. मुकादम म्हणतो, ‘ढोंग आहे.’ संघटनेच्या कचेरीत आमच्यापुढे अशी प्रकरणे किती आली याची मोजदाद नाही. आणि त्यांत स्त्रियांची संख्या नेहमीच अधिक.

आपले ठाकुर्ली हे गाव तर पाळीच्या भोंग्यावर वाढलेले. १८५४ साली आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली. पुढे विजेची गाडी आली तेव्हा तिला वीज पुरवण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने येथे चोळे गावाजवळ वीजगृह बांधले, ते १९२९ च्या सुमारास सुरू झाले. त्या वीजगृहाच्या धुराड्यांकडे पाहून या गावातील पिढ्या मोठ्या झाल्या. कोळशाची धूळ, बाष्पकाची धग आणि रात्रपाळी ही त्या कामाची तीन अंगे. वीजगृह बंद होऊन आता अनेक वर्षे लोटली. पण रात्रपाळी, चुकलेले जेवण, तुटलेली झोप आणि उभ्याने केलेला गाडीचा प्रवास ही आजही या गावाची दिनचर्या आहे. अर्धशिशी चाळवणाऱ्या कारणांची यादी कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात उघडून पाहा. ती वाचताना आपल्याच गावाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटेल.

प्रथम नावांचा विचार करू. ‘अर्धशिशी’ म्हणजे अर्ध्या शिराचे दुखणे. संस्कृतात हिला ‘अर्धावभेदक’ म्हणत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मस्तकाचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदकाविषयी म्हटले आहे की, हा रोग अर्धे मस्तक फोडतो, भोवळ आणतो, आणि पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उलटतो. सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्य कलला की उतरणारा तो ‘सूर्यावर्त’. मानेच्या मागून उठून डोळा, भुवई, कानशील, गाल आणि जबडा धरणारा तो ‘अनंतवात’. आजचे काही वैद्य चेहऱ्याच्या नसेची तिडीक या अनंतवाताशी जुळवतात. ही जुळणी तंतोतंत नाही. तथापि मस्तकशूळ आणि मुखशूळ यांची सांगड त्या काळीही घातली गेली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इकडे दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेल्या ‘हेमिक्रेनिया’ या शब्दाचा अर्थही ‘अर्धी कवटी’ असाच. त्याचाच झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. दोन संस्कृतींनी एकच दुखणे पाहिले आणि एकच नाव दिले. दुखणे ढोंगाचे असते तर असे घडते ना.

घराघरांत सुंठीचा लेप होता, वेखंड होते, सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा तोडगा होता. मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनी अमृतांजन हा मलम काढला. त्या पिवळ्या मलमाच्या उत्पन्नातून त्यांनी मुंबईतूनच १९०८ साली ‘आंध्रपत्रिका’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि स्वातंत्र्यलढ्याला बळ दिले. मुंबईकरांच्या कपाळावरच्या मलमातून एक वृत्तपत्र उभे राहिले, ही गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे.

आता मूळ कथेकडे वळू. १८४७ साली इटलीतील ट्यूरिन येथे अस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याने ते किंचित चाखून पाहिले आणि नमूद करून ठेवले की, एवढ्यानेही डोके भयंकर दुखते. पुढे आल्फ्रेड नोबेल याने या तेलापासून १८६७ साली डायनामाइट बनवले आणि देशोदेशी त्याचे कारखाने निघाले. या कारखान्यांतल्या कामगारांना एक विलक्षण अनुभव आला. नव्या माणसाचे डोके पहिल्या दिवशी असह्य दुखे. तीन-चार दिवसांत शरीर सरावे आणि दुखणे थांबे. पण रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर आले की पुन्हा तेच! म्हणून या दुखण्याला ‘सोमवारचा आजार’ असे नाव पडले. कामगारांनी त्यावर स्वतःच उपाय शोधला. शनिवारी घरी जाताना ते टोपीच्या पट्टीला थोडे नायट्रोग्लिसरीन चोळून नेत. सुटीच्या दिवशीही थोडे विष अंगात राहावे, म्हणजे सोमवार सुसह्य जावा!

या गोष्टीचा अर्थ नीट समजून घ्या. औषधाची सवय, तिचे सुटणे आणि सुटल्यावर उलटणारे दुखणे हा सगळा सिद्धांत त्या कामगारांनी प्रयोगशाळेशिवाय, टोपीच्या पट्टीवर सिद्ध केला. अमेरिकेच्या वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात १८९८ साली या कामगारांच्या लक्षणांवर निबंध छापून आला. तोपर्यंत विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली हेच द्रव्य हृदयशूळावर औषध म्हणून प्रसिद्ध केले होते. खुद्द नोबेलला १८९६ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितले आणि दैवाची ही थट्टा त्याने पत्रात लिहून ठेवली. परंतु सवय सुटल्यावर केवळ डोकेच दुखते असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्फोटकांच्या कारखान्यांतील काही कामगारांना सुटीच्या काळात किंवा सोमवारी सकाळी अकस्मात मृत्यू आल्याच्या नोंदी झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या त्या द्रव्याच्या आधाराने सैल राहिल्या होत्या. आधार सुटताच त्या आवळल्या. मालकाचे धन त्या द्रव्यातून झाले, वैद्यकाला औषध मिळाले आणि कामगाराला सोमवार मिळाला.

पुढे हेच द्रव्य संशोधनाचे हत्यार बनले. डेन्मार्कमध्ये येस ओलेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वखुशीने आलेल्या माणसांच्या शिरेतून नायट्रोग्लिसरीन अल्प प्रमाणात देऊन पाहिले. निरोगी माणसाचे डोके थोडे दुखून राहते. पण ज्याला अर्धशिशी आहे त्याला काही तासांनी खरीखुरी अर्धशिशी उठते. म्हणजे रोग हुकमाने आणून, तो कसा घडतो ते पाहणे शक्य झाले. हे द्रव्य शरीरात नायट्रिक ऑक्साइड वायू सोडते, आणि या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. डायनामाइटच्या पैशातून निघालेले पारितोषिक डायनामाइटच्याच गुपिताला मिळावे, हा योग मोठा.

आता तिडीकेकडे येऊ. गालावर वारा लागला, दाढी करताना पाते टेकले, घास चावला की विजेचा लोळ जावा तशी कळ काही क्षण जाते आणि पुन्हा येते. हिचे स्पष्ट वर्णन लंडनचे डॉक्टर जॉन फोदरगिल यांनी १७७३ साली केले. त्यापूर्वी १७५६ साली फ्रान्समध्ये निकोला आंद्रे याने तिला ‘तिक दुलुरू’ म्हणजे वेदनेचा झटका असे नाव दिले होते. शस्त्रवैद्य चेहऱ्याची नस कापत. त्याने तोंड वाकडे होई आणि वेदना मात्र तशीच राही. १८२१ च्या सुमारास चार्ल्स बेल याने उलगडा केला की, चेहरा हलवणारी नस सातवी आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस पाचवी. दुखणे पाचव्या नसेचे आणि सुरी सातव्या नसेवर! तीन शाखांची ही पाचवी नस कपाळ, गाल आणि जबडा यांना पुरते. त्यामुळेच रोग्याला दात दुखतो असे वाटते आणि निरोगी दात एकामागून एक उपटले जातात. ही चूक आजही घडते.

येथेही मध्येच कारखाना येतो. पहिले महायुद्ध चालू असताना जर्मनीत धातूचे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावण वापरात होते. त्याची वाफ घेतलेल्या चार कामगारांच्या चेहऱ्याची संवेदना गेली. दुसऱ्या कोणत्या नसेला फारशी इजा नाही, केवळ पाचवीचीच संवेदना बधिर! प्लेसनर या डॉक्टरने १९१५ साली ते पाहिले आणि त्याला सुचले की, जे विष निरोगी माणसाचा चेहरा बधिर करते ते तिडीकेच्या रोग्याला आराम देईल. त्या द्रावणाच्या कुप्या औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या. रोगी ते रुमालावर टाकून हुंगत. युरोप-अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे हा उपचार चालला. तो पुढे मागे पडला, आणि कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेने २०१२ साली हे द्रव्य माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. त्या चार कामगारांची बधिरता आधी दुर्घटना होती, मग कल्पना झाली, मग माल झाला. त्यांना स्वतःला काय मिळाले, याबद्दल वैद्यकाचा इतिहास मुका आहे.

तिडीकेवर खरा उतारा पडला तो १९६२ साली. स्वीडनमधील ब्लोम या डॉक्टरने फेफऱ्यासाठी तयार झालेले कार्बामाझेपिन हे औषध तिडीकेवर चालते असे दाखवले. आज साठ वर्षांनंतरही पहिले औषध तेच आहे आणि ते स्वस्त आहे. दुसऱ्या बाजूने अमेरिकेत वॉल्टर डँडी याने १९३४ साली म्हटले होते की, मेंदूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी पाचव्या नसेवर टेकते, तिच्या ठोक्याने तिडीक उठते. १९६० नंतरच्या दशकात पीटर जॅनेटा याने सूक्ष्मदर्शकाखाली ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मुंबईत १९५७ साली डॉ. नोशीर वाडिया यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय येथे मज्जातंतुरोगांचा विभाग उभा केला. सार्वजनिक रुग्णालयात असा विभाग असणे म्हणजे काय, हे ज्याच्या खिशात पासाशिवाय काही नाही त्यालाच कळते. सिनेनट सलमान खान यांनी आपल्याला ही तिडीक असल्याचे आणि २०११ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर सांगितले, तेव्हा घरोघरी या रोगाचे नाव पोहोचले. नटाचे दुखणे खरे ठरले. आता चाळीतल्या बाईचेही खरे ठरावे.

अर्धशिशीचे मूळ रक्तवाहिनीत की मज्जेत, हा वाद शंभर वर्षे चालला. द्यु ब्वा-रेमाँ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० साली स्वतःच्या अर्धशिशीत कानशिलाची धमनी दोरीसारखी ताठ झालेली पाहिली आणि रक्तवाहिनीला दोष दिला. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरने १८७३ साली हे मज्जेचे वादळ आहे असे मांडले. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रॅहॅम आणि वुल्फ यांनी अरगटच्या औषधाने धमनीची धडधड आणि वेदना दोन्ही बरोबर उतरतात हे दाखवले, तेव्हा रक्तवाहिनीचा पक्ष जिंकला असे वाटले. परंतु १९४१ साली लॅश्ले याने अर्धशिशीपूर्वी आपल्या डोळ्यांपुढे सरकणाऱ्या झगझगीत पट्ट्याचा वेग मोजून काढला, की मेंदूच्या पृष्ठावर काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने पसरत असावे. १९४४ साली ब्राझीलच्या लेआओ याला सशाच्या मेंदूत जवळजवळ त्याच वेगाने पसरणारी मंदतेची लाट सापडली. पुढे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० साली दाखवले की, अर्धशिशी चालू असताना सी. जी. आर. पी. नावाचे द्रव्य रक्तात वाढते; आणि हे द्रव्य सोडते ती पुन्हा तीच पाचवी नस! सुश्रुताच्या यादीत शेजारी बसलेली दोन दुखणी अशी एका नसेवर येऊन भेटली. त्या द्रव्याला अडवणारे पहिले प्रतिपिंड-औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि २०२१ चे ब्रेन प्राइझ मॉस्कोविट्झ, एडविन्सन, गोड्सबी आणि ओलेसन या चौघांना मिळाले. ही नवी इंजेक्शने महाग आहेत. परंतु १९६६ पासून अर्धशिशीवर ठाऊक असलेले प्रोप्रॅनोलॉल स्वस्त आहे. कामगाराला आराम न मिळण्याचे कारण दरवेळी औषधाची किंमत नसते. पुष्कळदा त्याच्या दुखण्याचे नावच कोणी लिहून घेतलेले नसते.

औषधाबद्दल एक धोक्याची गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तीही कारखान्यातलीच आहे. स्वीडनमधील हुस्कवार्ना या कारखान्याच्या गावात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर एक वेदनाशामक भुकटी कामगारांच्या रोजच्या सवयीची झाली. तीत फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन असे. डोके दुखू नये म्हणून, हात चालता राहावा म्हणून ती घेत. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या बारीक कामावर बसणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. १९५३ साली श्प्युलर आणि त्सोलिंगर यांनी अशा रोग्यांच्या मूत्रपिंडांचा नाश वर्णन केला, आणि फेनासेटिनवर पुढे देशोदेशी बंदी आली. आज शास्त्र सांगते की, साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर तीच डोकेदुखी निर्माण करते. फलाटावरच्या दुकानातून पट्टी विकत घेऊन दोन गोळ्या चहाबरोबर गिळणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. टोपीच्या पट्टीवरचे नायट्रोग्लिसरीन आणि खिशातली ही पट्टी यांचे नाते फार जवळचे आहे.

अर्धशिशी हे सुखवस्तू, नाजूक माणसांचे दुखणे, हा समज युरोपातून आला आणि आपल्याकडेही रुजला. शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत, घरोघर फिरून पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात डोकेदुखी झालेली माणसे शेकडा ६३.९, आणि अर्धशिशीची शेकडा २५.२. डोकेदुखीचे प्रमाण शहरात शेकडा ५७, तर खेड्यात ७१. उन्हात राबणाराचे डोके गादीवर बसणाऱ्यापेक्षा अधिक दुखते, याला आता आकड्यांचा आधार आहे.

मुंबईचे डॉक्टर के. रविशंकर यांनी २००६ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ९४ भारतीय रोग्यांवर निबंध लिहिला. विषय काय, तर डोक्यावरून न्हाल्याने उठणारी अर्धशिशी. आपल्या आया-आजी पिढ्यान्पिढ्या म्हणत आल्या, ‘न्हाले की माझे कपाळ उठते.’ कोणी ते ऐकून घेतले नव्हते, कारण पाश्चात्त्य पुस्तकांच्या यादीत ते कारण नव्हते. या डॉक्टरांनी रोग्यांना विचारले, ऐकले, मोजले आणि छापले. ओले लांब केस घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या बाईचे बोलणे शास्त्रात दाखल झाले. संशोधन म्हणजे महागडी यंत्रे असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा आठवावे.

आता आमचे मागणे सांगून विवेचन आवरते घेतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांची यादी दिली होती. शिसे, पारा, बेंझीन, कार्बन बायसल्फाइड यांच्या विषबाधा तीत होत्या. यांतल्या कित्येकांचे पहिले लक्षण डोकेदुखी हेच असते. पॅरिसमध्ये देल्पेश या डॉक्टरने १८५६ सालीच रबर कामगारांत कार्बन बायसल्फाइडच्या वाफेने होणारी डोकेदुखी व मज्जेचे विकार वर्णिले होते. आणि कल्याणच्या परिसरात पुढे रेयॉनचे कारखाने निघाले, त्या धंद्यातही हेच द्रव्य लागते. विषबाधा पुरी झाल्यावर तिची नोंद करायची आणि तिची वर्दी देणाऱ्या डोकेदुखीला ढोंग म्हणायचे, हा उलटा न्याय आहे. एकाच खात्यातल्या चौघांचे डोके सोमवारी दुखू लागले, तर ती चौघांची तक्रार नसून हवेची तक्रार आहे, असे मानून हवा तपासली गेली पाहिजे. जेवणाची सुटी वेळेवर मिळाली पाहिजे. अर्धशिशी उठल्यावर तासभर अंधारात पडता येईल अशी खोली असली पाहिजे. त्या तासाने मालकाचे जे बुडते त्याहून खाड्याने अधिक बुडते.

आणि कामगारांकडेही आमचे एक मागणे आहे. साधी वही घ्या. कोणत्या दिवशी दुखले, पाळी कोणती होती, झोप किती झाली, जेवण केव्हा झाले, कशाचा वास येत होता, गोळ्या किती घेतल्या, एवढे लिहा. डॉक्टरपुढे ती वही ठेवा आणि तिची एक प्रत संघटनेच्या कचेरीत द्या. एकाएकी आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके दुखले, तापाबरोबर मान ताठली, हातपाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर मात्र वहीत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठा. बाकीच्या दिवसांसाठी वही आहे. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांनी सोमवारचे दुखणे ओळखले होते. पण त्यांच्या हाती लेखणी नव्हती, म्हणून त्यांची हकीकत इतरांनी आपल्या नावावर लिहिली. आपल्या हाती लेखणी आहे.